एडीएचडीची औषधे : खर्चाचा भार आणि डॉक्टरांचा हातभार

निदान झाले, औषध सुरू झाले, शाळेतून येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या आणि पाच-सहा महिन्यांनी औषध बंद पडले. एडीएचडीवर उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना आणि मनोविकारतज्ज्ञांना हा क्रम नवा नाही. कारण विचारले तर ‘आता बरा आहे, म्हणून थांबवले’ असे पालक सांगतात. भूक मंदावणे, झोप उडणे हीही कारणे असतात. परंतु अनेक घरांत खरे कारण खर्चाचे असते आणि ते बोलून दाखवले जात नाही. मुलाच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, हे डॉक्टरांसमोर बसून कबूल करणे कोणत्याही आईवडिलांना सोपे नसते. तेव्हा हा विषय काढण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच ठरते. ‘हे औषध दरमहा घेणे जमेल का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला, तर पुढचे बरेच काही टळते.

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर अर्थात एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे. लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची मुख्य लक्षणे. ती लहानपणी सुरू होतात आणि पुष्कळांमध्ये मोठेपणीही टिकून राहतात. भारतात यासाठी प्रामुख्याने मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही दोन औषधे वापरली जातात. काही मुलांना क्लोनिडिन दिले जाते. परदेशात सर्रास दिली जाणारी ॲम्फेटामीन वर्गातील औषधे येथील बाजारात नाहीत. अमेरिकेतून पुण्या-मुंबईला परतणाऱ्या कुटुंबांना याचा धक्का बसतो. तेथे सुरळीत चाललेले औषध येथे मिळत नाही, हे त्यांना परतल्यावर कळते. अशा वेळी तेथील डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच पर्यायी औषधावर आणून ठेवले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

एका महिन्याच्या औषधाची किंमत पाहिली, तर हा आजार महागड्या आजारांत मोडत नाही. पण उपचार महिनोन्‌महिने, बहुधा काही वर्षे चालतो. शिवाय स्ट्रिपवर छापलेली किंमत हा खर्चाचा एकच भाग असतो. तपासणी शुल्क, गावाहून शहरापर्यंतचा प्रवास, आईची किंवा वडिलांची बुडालेली मजुरी अथवा रजा, वर्तनोपचाराची सत्रे आणि जोडीला लागलेली खास शिकवणी या सर्वांची बेरीज करूनच घर निर्णय घेत असते.

निदानाच्या वेळचा खर्च

बचत करण्याची पहिली जागा औषध ही नव्हे, तर औषधापूर्वीच्या तपासण्या ही आहे. एडीएचडीचे निदान पालक व शिक्षकांकडून घेतलेली सविस्तर माहिती, प्रमाणित प्रश्नावली आणि मुलाची प्रत्यक्ष तपासणी यांवरून होते. रक्ताची कोणतीही चाचणी, ईईजी किंवा मेंदूचे एमआरआय चित्र हे निदान पक्के करू शकत नाही. फिट येत असल्याचा संशय असेल अथवा मज्जासंस्थेचे अन्य लक्षण दिसत असेल, तेव्हा या तपासण्या आवश्यकच असतात. एरवी ‘एकदा करून टाकू’ म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये कित्येक महिन्यांच्या औषधाचे पैसे खर्ची पडतात. उत्तेजक औषध सुरू करण्यापूर्वी हृदयविकाराचा वैयक्तिक आणि कौटुंबिक इतिहास विचारणे अत्यावश्यक आहे. इतिहासात किंवा तपासणीत काही आढळले, तर ईसीजी काढावा. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची प्रत्येक भेटीत नोंद ठेवणे महत्त्वाचे असून त्यासाठी कोणताही वेगळा खर्च येत नाही.

चिठ्ठीवरच्या ‘मेंदूच्या टॉनिक’चेही असेच आहे. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणारी सिरपे एडीएचडीवरील उपचार म्हणून सिद्ध झालेली नाहीत. पालकांना मात्र चिठ्ठीवरच्या चार ओळींतील कोणती ओळ आवश्यक आणि कोणती वगळता येण्याजोगी, हे कळत नाही. पैसे कमी पडले की ते बहुधा त्यातील सर्वांत ‘कडक’ वाटणारे औषध सोडतात आणि टॉनिक चालू ठेवतात. चिठ्ठीत एकच औषध असेल, तर हा घोटाळा होत नाही.

सहा वर्षांखालील मुलांमध्ये तर पहिला उपचार औषध नसून पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हा आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही तशीच शिफारस आहे. ठराविक दिनक्रम, लहान लहान सूचना, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल अशा गोष्टी पालकांच्या गटाला एकत्र शिकवता येतात. एकट्या कुटुंबासाठी घेतलेल्या सत्रापेक्षा असे गट स्वस्त पडतात. शिवाय ‘आपल्याच घरी असे आहे’ हा समजही तेथे गळून पडतो.

चिठ्ठी लिहिताना

भारतात एकाच रासायनिक नावाचे औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत लक्षणीय फरक असतो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ च्या दुरुस्तीने नमूद झाले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये याविषयी अधिक कडक नियम जाहीर केले. परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती दिली. नियम काहीही असो, मूळ नाव लिहिले आणि ‘या नावाचे स्वस्त मिळाले तरी चालेल’ एवढे वाक्य उच्चारले, तरी औषध दुकानातील संभाषण बदलते. मात्र दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्यांमध्ये औषध शरीरात सोडण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी असू शकते. त्यामुळे एकदा निवडलेली कंपनी दरमहा बदलू नये आणि बदललीच, तर पहिले काही दिवस मुलावर लक्ष ठेवावे.

साधी गोळी की दीर्घकाळ परिणाम करणारी, हा निर्णयही खर्चाशी जोडलेला आहे. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, तर दीर्घ परिणामाच्या गोळीचा आठ ते बारा तासांपर्यंत. साधी गोळी सहसा स्वस्त. पण दुपारची मात्रा शाळेत कोण देणार? वर्गात सर्वांदेखत गोळी घ्यावी लागली, तर मूल ती टाळते. काही शाळा औषध देण्याची जबाबदारीच घेत नाहीत. चुकलेली मात्रा म्हणजे वाया गेलेला दिवस; म्हणजे स्वस्त औषध अखेर महाग पडते. उलट सकाळचीच शाळा असेल, तर सकाळची एक साधी गोळी काही मुलांना पुरेशी ठरते. शाळेची वेळ विचारल्याशिवाय हा निर्णय होऊ शकत नाही.

ॲटोमॉक्सेटिनच्या बाबतीत साधे गणित कामी येते. या कॅप्सूल १०, १८, २५, ४० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मात्रांत मिळतात. आवश्यक मात्रा दोन-तीन लहान कॅप्सूल जोडून देण्याऐवजी एकाच मोठ्या कॅप्सूलमध्ये दिली, तर महिन्याचा खर्च अनेकदा कमी होतो. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे या औषधाचा पुरेसा परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही, तर ‘काही उपयोग नाही’ असे ठरवून पालक दोन आठवड्यांत ते थांबवतात आणि तोवरचे सर्व पैसे वाया जातात.

घरोघरी होणाऱ्या परस्पर काटकसरीविषयीही डॉक्टरांनी स्वतःहून बोलावे. दीर्घ परिणामाची गोळी मोडून दोन दिवस पुरवली, तर तिची रचनाच बिघडते. ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडून अर्धी देऊ नये; तिची भुकटी डोळ्यांना दाहक असते. क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचे जुने, तुलनेने स्वस्त औषध. पण ते अचानक थांबवल्यास रक्तदाब एकदम वाढू शकतो. ‘पुढच्या पगाराला आणू’ म्हणून मध्ये आठवडा जाऊ देणे येथे धोक्याचे आहे. मिथाइलफेनिडेटला मात्र सुटीच्या दिवशी किंवा मे महिन्यात विश्रांती देता येते का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. मुख्य अडचण अभ्यासाची असेल, तर काही मुलांमध्ये ते शक्य होते. उतावळेपणामुळे अपघात ओढवून घेणाऱ्या मुलाला ते लागू नाही. ॲटोमॉक्सेटिन मात्र रोज घ्यावेच लागते.

‘शेड्यूल एक्स’चा अडथळा

मिथाइलफेनिडेट हे औषध नियमावलीतील शेड्यूल एक्समध्ये मोडते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या यादीतही त्याची गणना आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातील एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवायची असते आणि विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो. गैरवापर रोखण्यासाठी हे निर्बंध आहेत आणि ते अनाठायी नाहीत. पण त्यामुळे हे औषध ठेवणारी दुकाने मोजकी उरतात. तालुक्याच्या गावाहून आलेल्या पालकांना चिठ्ठी घेऊन चार दुकाने हिंडावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी संशयाची नजर सोसावी लागते.

येथे डॉक्टरांना फारसा खर्च न करता बरेच काही करता येते. चिठ्ठी दोन प्रतींत, तारीख, मात्रा, एकूण गोळ्यांची संख्या, पूर्ण नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांकासह लिहिली, तर ती दुकानातून परत येत नाही. औषध ठेवणाऱ्या दुकानांची यादी दवाखान्यात असावी आणि रुग्ण निघण्यापूर्वी साठ्याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेड्यूल एक्समधील औषधे दूरसंपर्कातून लिहून देता येत नाहीत. त्यामुळे मिथाइलफेनिडेटसाठी प्रत्यक्ष भेट टळत नाही. पण समुपदेशन आणि शिक्षकांशी बोलणे दूरध्वनीवर उरकून प्रत्यक्ष भेटींची संख्या मर्यादित ठेवता येते. दर वेळी शंभर किलोमीटरचा प्रवास परवडत नसलेल्या कुटुंबात, अन्य वैद्यकीय अडचण नसेल तर, ॲटोमॉक्सेटिनचा विचार करण्याचे हेही एक कारण असू शकते.

भेटी कमी करताना एक भान हवे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘एमटीए’ या अभ्यासात ५७९ मुलांवरील उपचारांची चौदा महिने तुलना करण्यात आली. दरमहा भेट आणि मात्रेची काळजीपूर्वक जुळवाजुळव झालेल्या मुलांची लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारली. दुसऱ्या गटातील सुमारे दोनतृतीयांश मुलेही औषध घेतच होती. म्हणजे सुरुवातीच्या काळात देखरेखीवर काटकसर करणे तोट्याचे ठरते. मात्रा स्थिरावल्यावर भेटींतील अंतर वाढवता येते.

शासकीय आणि धर्मादाय वाटा

खासगी दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना शासकीय योजनांची माहिती असतेच असे नाही आणि रुग्णाचे खरे नुकसान येथे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमातील तीस आजारांच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. अंगणवाड्या, शासकीय व अनुदानित शाळांतून तपासणी करून मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि पुढील उपचार मोफत असतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यास पालक नावामुळे कचरतात. ‘तेथे मुलांचीही तपासणी होते’ हे विश्वासातल्या डॉक्टरांनी सांगितले, तर पाऊल उचलले जाते. हवे ते औषध त्या आठवड्यात तेथे शिल्लक आहे का, याची मात्र चौकशी करूनच रुग्णाला पाठवावे.

वडिलांचा किंवा आईचा पगार दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर कुटुंबाला त्या योजनेतून औषधे मिळू शकतात. कंपनीच्या कागदपत्रांत हा हक्क नोंदलेला असूनही अनेक कुटुंबे खासगी दुकानातून औषध विकत घेत असतात. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या दोन टक्के रकमेचा निधी उभारावा लागतो. या वाटा सर्वांत चांगल्या ठाऊक असतात त्या वैद्यकीय समाजसेवकांना. मोठ्या रुग्णालयांत त्यांची खोली बहुधा जिन्याखाली किंवा लांबच्या टोकाला असते. तेथवर रुग्णाला स्वतः चिठ्ठी देऊन पाठवणे हेही उपचाराचेच काम आहे.

आरोग्य विम्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. पण एडीएचडीचा जवळजवळ सर्व खर्च बाह्यरुग्ण विभागातला आणि बहुतेक पॉलिसींचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. ओपीडीचा खर्च देणारी पॉलिसी नोकरीतून मिळत असल्यास डॉक्टरांनी निदान, औषधाचे नाव आणि कालावधी नमूद केलेले पत्र व पावत्या द्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, एवढाच सर्वांना लागू असलेला दिलासा.

सर्वांत अवघड वळण येते ते अठराव्या वर्षी. बालरोगतज्ज्ञ थांबतात, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा संपते, मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहरात महाविद्यालयात जाते आणि नवे डॉक्टर पहिल्यापासून तपासण्या सुरू करतात. निदान कधी व कशाच्या आधारे झाले, कोणती औषधे किती मात्रेत दिली, कशाने त्रास झाला आणि कशाने गुण आला, हे सांगणारे एक पानी पत्र आधीच्या डॉक्टरांनी हातात दिलेले असेल, तर ते तपासण्यांचे पैसे आणि औषधाविना जाणारे पहिले सत्र या दोन्ही गोष्टी वाचतात.