शिवेपलीकडचं कॉलेज

१ नोव्हेंबर १९५६ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली, पण शिकायला पोरं कोल्हापूरलाच जात राहिली. राजाराम कॉलेज १८८०चं. शिवाय १९०१पासून शाहू महाराजांनी वसतिगृहं काढलेली, त्यामुळं खेड्यातल्या बापालाही धीर यायचा. १९६०ला देवचंद कॉलेज निघालं, तेही अर्जुननगरला. म्हणजे निपाणीला खेटून, पण महाराष्ट्रात!

आमचा थोरला मात्र कोल्हापुरात खोली घेऊन राहिला. ही पहाटे भाकऱ्या थापायची, शेंगदाण्याची चटणी घालून डबा फडक्यात बांधायची, नि मी तो एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचो. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. घरात फोन नव्हता. पोराची खुशाली डब्यावरनंच कळायची. भाकरी उरली की हिचा जीव खालीवर. परीक्षेच्या दिवसांत डबा न धुताच यायचा, आणि बोलणी मला बसायची.