कामठी (तळटीप)
येथे कन्हानकाठची, नागपूरलगतची कामठी अभिप्रेत आहे. मध्य प्रदेशच्या सीमेकडे, पारशिवनी तालुक्यात पेंचवर धरण असलेली कामठी खैरी नव्हे. (पेंच पुढे कामठीजवळच कन्हानला मिळते, तेव्हा घोटाळा होणे साहजिक आहे.) सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे छावणी वसवली. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, दुसरी १९४२ मध्ये कामठीला. ती पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. या भरतीसाठी डॉ. आंबेडकरांनी सरकारकडे आग्रह धरला होता. लेखक महारांच्या या भरतीला ‘पहिलीच’ म्हणतो ते मात्र बरोबर नाही : पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली होती, ती १९२१ मध्ये मोडण्यात आली.