तबकडीवरचा सूर आणि तबकडीवरचें नांव

वेरूळच्या कैलासाचा एक फार जुना उल्लेख बडोद्यास सांपडलेल्या एका ताम्रपटांत आहे. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजराथ शाखेंतील कर्क सुवर्णवर्ष या राजाचा हा ताम्रपट शके ७३४ चा, म्हणजे इसवी सन ८१२ च्या सुमाराचा आहे. एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजानें करविलेलें देऊळ पाहून विमानांतून जाणारे देवहि थक्क झाले, असें सांगून ताम्रपटाचा कवि एक वेगळीच गोष्ट नोंदवितो: ज्या शिल्प्यानें तें घडविलें तोच तें पाहून चकित झाला, आणि हें आपल्या हातून झालें तरी कसें, पुन्हां करूं म्हटलें तर होणार नाहीं, असें त्यास वाटलें. राजस्तुतीच्या गर्दींत एवढी एकच जागा खऱ्या कारागिराच्या मनांतून निघाल्यासारखी वाटते. परंतु तेथें त्या शिल्प्याचें नांव नाहीं. दान देणाऱ्या राजाचें आहे, घेणाऱ्या ब्राह्मणाचें आहे, दिलेल्या गांवाचें आहे, त्या गांवाच्या चतुःसीमाहि आहेत.

आज आम्हांस लिहावयाचें आहे तें जॅझ संगीताच्या नामांकित ध्वनिमुद्रिकांविषयीं व त्या वाजविणाऱ्यांविषयीं. वेरूळपासून आरंभ करण्याचें कारण असें कीं, त्या शिल्प्याचें आश्चर्य हें जॅझ वाजविणाऱ्याचें रोजचें आश्चर्य आहे. आपल्या ख्यालगायकाप्रमाणेंच हा वादक ठरलेल्या चौकटींत जागच्या जागीं नवें रचीत जातो. आज साधलें तें उद्यां साधेलच असें नाहीं. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यांत नाचणाऱ्या शिवाभोवतीं साथीचे वादक कोरलेले आहेत. त्यांचीं वाद्यें राहिलीं, सूर गेला. सूर धरून ठेवण्याची विद्या माणसास फार उशिरां साधली.

पहिली जॅझ तबकडी १९१७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें व्हिक्टर कंपनीनें मुद्रित केली. हें संगीत वाढविलें न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीय लोकांनीं. पण त्या तबकडीवर वाजविणारे पांचहि जण गोरे होते. न्यू ऑर्लिन्सचाच फ्रेडी केपर्ड हा कॉर्नेटवादक बोटांवर रुमाल टाकून वाजवी, आणि आपली रीत लोक चोरतील या भीतीनें त्यानें मुद्रणाची संधि आधींच नाकारली होती, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, घराण्याच्या चिजा जपून ठेवणाऱ्या आपल्या जुन्या बुवांस ती चटकन् पटली असती.

१९२३ सालीं किंग ऑलिव्हरचा मेळ इंडियाना प्रांतांत रिचमंड येथें जेनेट कंपनीच्या खोलींत वाजवावयास उभा राहिला. मायक्रोफोन नव्हता, एका मोठ्या कर्ण्यासमोर सर्वांनीं वाजवावयाचें, व त्या आवाजाच्या कंपनानें सुईनें मेणाच्या चकतीवर रेघ ओढावयाची, अशी ती रीत. ऑलिव्हरचा दुय्यम कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचा आवाज इतका दमदार कीं त्यास इतरांच्या बराच मागें उभें करावें लागलें, अशी आठवण मेळांतील पियानोवादिका लिल हार्डिन हिनें सांगून ठेविली आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांहून थोडेंसेंच अधिक मावे. अब्दुल करीमखांसाहेबांस ज्या तीन मिनिटांत राग उभा करावा लागला, त्याच तीन मिनिटांत आर्मस्ट्राँगनें आपलें सारें सांगितलें. १९२५ च्या नोव्हेंबरांत त्यानें शिकागो येथें 'हॉट फाइव्ह' या आपल्या मेळाच्या मुद्रणास आरंभ केला. १९२८ पर्यंतच्या त्या तबकड्यांनीं एकट्या वादकाच्या आलापीस मेळाच्या मध्यभागीं आणून बसविलें. 'अल्बम' हा शब्दहि त्याच युगाचा. अनेक तबकड्या एका बांधीव वहींत घालून विकीत, म्हणून तो अल्बम. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें लांब पल्ल्याची तबकडी बाजारांत आणली. वही गेली, नांव राहिलें.

या लांब तबकड्यांत ज्या एकीचें नांव जॅझ न ऐकणाऱ्यांसहि ठाऊक असतें, ती माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ च्या २ मार्च व २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्क येथें ती मुद्रित झाली. डेव्हिसनें सोबत्यांस पुरी लिहिलेली चाल दिली नाहीं. थोडे आराखडे दिले, आणि अमुक स्वरपंक्तींत राहून विस्तार करावयाचा एवढें सांगितलें. आपल्या कानांस ती तबकडी परकी वाटत नाहीं याचें कारण हेंच असावें. स्वरसंगतींच्या सतत पालटणाऱ्या पायऱ्या चढण्याऐवजीं येथें वादक एकाच ओसरीवर स्वस्थ बसून बोलतो. त्या तबकडीवरील 'ब्लू इन ग्रीन' ही रचना डेव्हिसच्या नांवावर छापली गेली; पियानो वाजविणाऱ्या बिल इव्हान्सनें पुढें ती आपली असल्याचें सांगितलें. एवढ्या थोर तबकडीच्या वेष्टनावरहि नांवाचा वाद आहेच.

याहून जुना व अधिक दुःखद वाद आपणांस थेट मुंबईस आणून सोडतो. १९२७ सालीं ड्यूक एलिंग्टनच्या मेळानें 'क्रिओल लव्ह कॉल' ही तबकडी मुद्रित केली. तिची चाल क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन यानें आपली म्हणून पुढें केली होती. ती निघाली किंग ऑलिव्हरच्या १९२३ सालच्या एका तबकडीवरची. ऑलिव्हरनें तक्रार केली, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. १९३८ सालीं सॅव्हाना येथें तो वारला, तेव्हां एका करमणुकीच्या दिवाणखान्यांत झाडलोटीचें काम करीत होता. जॅक्सन मात्र फिरत फिरत हिंदुस्थानांत आला आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला.

ताजमध्यें १९३५ सालीं लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन मेळ घेऊन आला होता. त्याच्या मागून आला क्रिकेट स्मिथ, ज्यानें १९१३-१४ सालीं, जॅझ हें नांवहि रूढ होण्यापूर्वीं, न्यूयॉर्कांत जेम्स रीस युरोप याच्या मेळांत तबकड्या मुद्रित केल्या होत्या. या स्मिथच्या मेळानें १९३६ सालीं मुंबईंतच 'ताजमहाल' नांवाचें फॉक्सट्रॉट नृत्याचें गीत मुद्रित केलें. अमेरिकेंत मागच्या दारानें आंत जावें लागणाऱ्या या वादकांस येथील दिवाणखान्यांत मान होता. मात्र तो दिवाणखाना साहेबांचा, संस्थानिकांचा व मूठभर धनिकांचा होता, हेंहि विसरूं नये.

त्यांच्यापासून ही कला उचलली ती गोवेकरांनीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचून गाण्याचें व व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण मिळे. पोर्तुगीज अमलांत पोटापाण्याचे मार्ग थोडे. तेव्हां हीं मुलें मुंबईस येत, हॉटेलांत, जहाजांवर व संस्थानांच्या बँडांत नोकऱ्या धरीत. हळदोण्याचा आंतोनिओ शावियेर वाझ, जन्म १९१६, हा त्यांतलाच. 'चिक चॉकोलेट' या नांवानें तो ट्रंपेट वाजवी, आणि लोक त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्रीं ताजमध्यें वाजविणारा हा माणूस दिवसां चित्रपटांच्या स्टुडिओंत सी. रामचंद्रांच्या शेजारीं उभा असे. रामचंद्र नरहर चितळकर हे गोदाकांठच्या पुणतांब्याचे. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. या दोघांच्या मेळांतून १९५१ सालच्या 'अलबेला'चीं गाणीं निघालीं. ज्या घरांत जॅझ हा शब्दहि पोंचला नव्हता, त्या घरांतलीं मुलें त्या ठेक्यावर नाचलीं. चिक त्या चित्रपटांत पडद्यावरहि दिसतो.

हें काम कसें चाले तें पाहण्यासारखें आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. गोवेकर अरेंजर ती पांच रेघांच्या कागदावर उतरवून घेई. मग ट्रंपेट कोठें शिरावयाचें, व्हायोलिनांनीं गाणाराच्या मागें काय धरावयाचें, दोन कडव्यांमधली जागा कशानें भरावयाची, याचा तपशील कागदावर येई, व तो समोर ठेवून पन्नास-साठ माणसें एका दमांत वाजवीत. येथें सी. रामचंद्रांचें किंवा कोणाहि संगीतकाराचें श्रेय आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं; चाल ही त्यांचीच. परंतु गाणें आठवतांना आपण चालीबरोबर तो मधला तुकडाहि गुणगुणतों, आणि तो कोणाचा, हें तबकडी सांगत नसे. तिच्या गोल कागदावर चित्रपटाचें नांव, गाणाराचें नांव, संगीतकाराचें नांव. आणि कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्यालाहि ऐसपैस जागा.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु. त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत भारतीय रागांवर रचलेलें संगीत भल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलें. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गाइले. पुढें ते अमेरिकेस गेले. १९७७ सालीं शिष्यानें त्यांचें नांव एका चित्रपटगीतांत गोंवलें, तें देशभर गाजलें. आणि गाणारांपैकीं बहुतेकांस तें एका खऱ्या माणसाचें नांव आहे याची वार्ताहि नव्हती.

आपल्याकडे अशा वेळीं एक सोयीचें उत्तर देण्याची चाल आहे: भारतीय कलावंतास नांवाची हांव नव्हती, तो आपलें कर्म ईश्वरास अर्पून मोकळा होई. आम्हांस हें मान्य नाहीं. बडोद्याच्या ताम्रपटांत शेतांच्या सीमा लिहावयास जागा होती. शिवाय लोकांनीं शिल्प्याला नांव दिलेंच: 'कथाकल्पतरु' या जुन्या मराठी ग्रंथांत वेरूळचें देऊळ शिखरापासून खालीं कोरीत आणणारा पैठणचा कोकास येतो. नांव गाळलें तें लेखनाचा ठेका ज्यांच्याकडे होता त्यांनीं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनीं तें जपलें.

मनांत आणलें तर नांवें छापतां येतात, याचा पुरावाहि तबकडीवरच मिळतो. १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांची 'राग-जॅझ स्टाइल' ही तबकडी निघाली. तोडी, भैरव, मालकंस, शिवरंजनी, भैरवी इत्यादि अकरा रागांवर बेतलेल्या रचना, सतार रईसखांची, आणि वेष्टनावर वादकांचीं नांवें: सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला, ढोलावर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत. संगीत म्हणून ती सगळीच सारखी उतरलेली नाहीं. कांहीं ठिकाणीं राग व जॅझ नुसते शेजारीं बसलेले आहेत. तरी ती आम्हांस प्रिय आहे. पुढच्याच वर्षीं मूळ गोव्याच्या कुटुंबांतले, मुंबईस जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनीं लंडनमध्यें 'इंटिग्रेशन' आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह 'हम दोनो' या तबकड्या केल्या. तेथें ते स्वतःच्या नांवानें उभे आहेत, आणि वादन जास्त मोकळें आहे.

पाश्चात्य देशांत शार्ल दलोने या फ्रेंच रसिकानें १९३६ सालींच जॅझ तबकड्यांची सूची छापली, व कोणत्या तबकडीवर कोण वाजवितो हें नोंदविण्याची प्रथा पडली. मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या मुलाखती ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकांत २००८ सालीं आल्या. ताजच्या जॅझचा इतिहास नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं लिहिला. चिक चॉकोलेट १९६७ सालींच गेले होते, आणि गोन्साल्विस २०१२ च्या जानेवारींत गेले.

१९७७ सालीं अमेरिकेनें दोन व्हॉयेजर यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी आहे. हाहि एक ताम्रपटच. तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, आणि आर्मस्ट्राँगनें १९२७ सालीं शिकागोस मुद्रित केलेला 'मेलन्कली ब्लूज' आहे, तीन मिनिटांचा. त्यांत क्लॅरिनेट वाजविणारा जॉनी डॉड्स, ढोल वाजविणारा त्याचा भाऊ बेबी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन. दुसरें यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबरास, केसरबाई मुंबईस वारल्या.