फुंकणीपासून एअर फ्रायरपर्यंत

अलीकडे पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले नाताळास गावी येताना 'एअर फ्रायर' नावाची एक पेटी आईवडिलांसाठी घेऊन येतात. ओव्हनपेक्षा तिला वीज पुष्कळ कमी लागते, असे तिच्याविषयी सांगितले जाते. हे कितपत खरे, असा प्रश्न आम्हांला धाराशिव जिल्ह्यातील काही कुटुंबांत ऐकावयास मिळाला. प्रश्न विजेच्या बिलाचा आहे. परंतु त्यामागे बराच जुना इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच भागातील स्वयंपाकघरांत घडले आहे.

प्रथम त्या पेटीविषयी. तिचे नाव फ्रायर असले, तरी तीत तळणे होत नाही. विजेने तापणारी तार, तिच्यावर फिरणारा पंखा आणि पदार्थ ठेवण्याची लहानशी जागा, एवढेच तिचे स्वरूप. म्हणजे ती पंखा लावलेली छोटी भट्टीच होय. ही कल्पनाही नवी नाही. विल्यम मॅक्सन या अमेरिकन गृहस्थाने विमानात गोठविलेले अन्न गरम करण्यासाठी 1945 साली पंख्याची भट्टी सिद्ध केली होती. फिलिप्स कंपनीने 2010 साली एअर फ्रायर बाजारात आणला.

पंख्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. भट्टीतील पदार्थाभोवती त्याच्याच वाफेचा, थोडासा थंड असा थर साचून राहतो आणि उष्णता आत जाण्यास वेळ लागतो. वाहती हवा तो थर दूर सारते, म्हणून पदार्थ लवकर भाजला जातो. शिवाय जागा लहान असल्याने रिकामी हवा आणि पत्र्याच्या भिंती तापविण्यात वीज फारशी खर्च होत नाही. हिशोबच करावयाचा तर 1400 वॅटचा एअर फ्रायर 20 मिनिटे चालला, तर फार तर अर्धा युनिट जळेल. 2000 वॅटचा ओव्हन आधी 10 मिनिटे तापवून मग अर्धा तास चालविला, तर आकडा सव्वा युनिटाच्या थोडा वर जाईल. दोन्ही उपकरणे पुरेशी तापल्यावर मधूनमधून आपोआप बंद होतात, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च दोन्हीकडे याहून कमीच. तरीही चार जणांपुरते पदार्थ भाजावयाचे असतील, तर लहान पेटी सरस ठरते. नाताळच्या आधी नानकटाईचे चार ट्रे भाजावयाचे असतील, तर मात्र मोठा ओव्हन एकदाच भरून चालविणे स्वस्त पडते; लहान पेटीत तेच काम करण्यास अनेक फेऱ्या घालाव्या लागतात.

आता इतिहासाकडे वळू. 1956 पर्यंत उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल विकसित केली. तिच्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापले, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक नसावी. साध्या चुलीत लाकडातील दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक उष्णता भांड्यास क्वचितच लागते. बाकीची वाऱ्यावर जाते, आणि धूर फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत जातो. 1983च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला. चुली लक्षावधी बसल्या, पण डागडुजीअभावी पुष्कळ मोडल्या.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांचे गट उभे केले. पुढे, 2006च्या सुमारास, या गटांतील स्त्रिया 'ऊर्जा' नावाची शेगडी विकू लागल्या. ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने घडविली होती आणि बीपी कंपनीने बाजारात आणली होती. तिच्या बुडाशी बॅटरीवर चालणारा लहान पंखा होता. शेंगांची टरफले, उसाचे चिपाड अशा शेतमालाच्या अवशेषांपासून दाबून केलेल्या कांड्या तीत जळत. पंखा खालून थोडी हवा देई, त्यामुळे कांड्यांतून वायू निघे. वरच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायू जाळून टाकी. धूर फारच कमी, ज्योत गॅससारखी. फुंकणीचे काम पंख्याने घेतले होते.

महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून अशा सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. सरकारी अनुदानावाचून एवढे यश यापूर्वीच्या कोणत्याही चुलीच्या वाट्यास क्वचितच आले असेल. परंतु त्याच टरफलांना आणि चिपाडांना कारखान्यांकडून मागणी वाढली आणि कांड्यांचा भाव चढत गेला. 2009 साली बीपीने हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे सोपविला. ती पुढे हॉटेलांकडे वळली, आणि घरोघरच्या बहुतेक शेगड्या थंडावल्या. शेगडीत खोट नव्हती. लाकूड रानातून विनामोल येई, कांड्या मात्र दर महिन्यास रोख पैसे मोजून घ्याव्या लागत. आमच्या मते सारे प्रकरण याच एका गोष्टीवर फिरले. धूर गेला, याची किंमत घरातील हिशोबाच्या वहीत कोठेच लिहिली जात नव्हती, हेही खरे.

एअर फ्रायरकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. ज्या घरी ओव्हन आहे आणि त्यात रोज थोडेथोडकेच भाजले जाते, तेथे ही पेटी वीज वाचवील. पण आमच्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरी ओव्हन कधी नव्हताच. तेथे तिची तुलना ओव्हनशी करून काय उपयोग? जो खर्च होतच नव्हता, त्यात बचत कसली? कढईतील तेल तिने वाचेल, आणि वैद्यांनी तळण वर्ज्य सांगितलेल्यांस ते मोलाचे आहे. वीज मात्र नव्याने लागेल. धाराशिवकडच्या घरांत इंधन जाते ते मुख्यतः डाळ शिजविण्यात, पाणी तापविण्यात आणि भाकरीत. डाळ आधी भिजवून कुकरात शिजविली, तर गॅस पुष्कळ वाचतो, आणि त्यासाठी नवी वस्तू घ्यावी लागत नाही. ज्वारीची भाकरी तर एअर फ्रायरमध्ये होत नाही. तिला तापलेला तवा आणि फुगण्यासाठी उघडा जाळ लागतो.