पहिलं कोणी सांगितलं?

माझा आणि फिजिक्सचा संबंध मॅट्रिकलाच सुटला. बी.ए.ला इतिहास घेतला आणि पुढे तीसेक वर्षं मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. त्यामुळे "आजोबा, तुम्ही विज्ञानावर लिहिणार?" असं नातीने विचारलं, ते काही चूक नव्हतं. पण सुदर्शन यांची गोष्ट तिनेच सांगितली, आणि मला ती इतिहासाचीच वाटली.

ई. सी. जी. सुदर्शन यांचा जन्म १९३१ चा, केरळात कोट्टायमजवळच्या पल्लमचा. मद्रासला शिकून १९५२ ते १९५५ ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तेव्हा ही संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात भरायची. तिथून ते अमेरिकेत रॉचेस्टरला, रॉबर्ट मार्शाक यांचे विद्यार्थी म्हणून गेले.

अणूच्या गाभ्यातून कधी कधी इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. ते घडवणाऱ्या क्षीण बलाचा सिद्धान्त फर्मी यांनी १९३४ साली मांडला होता, पण त्या बलाचं गणिती रूप नेमकं कोणतं, हे ठरत नव्हतं. शक्यता पाच होत्या आणि प्रयोग एकमेकांशी भांडत होते. सुदर्शन यांनी सगळे निकाल समोर मांडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की पाचांपैकी दोनच रूपं खरी, 'व्ही वजा ए'. मग याच्याशी न जुळणाऱ्या चार प्रयोगांचं काय? ते चुकले असले पाहिजेत! हे म्हणणारा मुलगा होता पंचवीस वर्षांचा.

एप्रिल १९५७ मध्ये रॉचेस्टरलाच मोठी परिषद भरली. सुदर्शन पडले विद्यार्थी, त्यांना बोलता आलं नाही. मार्शाक स्वतः दुसऱ्याच विषयावर बोलले.

इथे वाचता वाचता मी थांबलो. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने उठून सांगितलं होतं, "सर, पुस्तकातलं साल चुकलंय." मी म्हटलं, खाली बस. घरी जाऊन पाहिलं तर पोराचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सांगितलं का? नाही सांगितलं. असो.

जुलैमध्ये गुरुशिष्यांनी कॅलिफोर्नियात गेल-मान यांना हे सगळं समजावून सांगितलं. सप्टेंबरमध्ये इटलीतल्या परिषदेत निबंध वाचला, पण तिथला वृत्तान्त छापून यायला १९५८ उजाडलं. दरम्यान फाइनमन आणि गेल-मान यांचा लेख 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पोचला आणि जानेवारी १९५८ मध्ये छापून आला. त्यात मार्शाक-सुदर्शन यांच्याशी झालेल्या चर्चेचे आभार आहेत. आभार! चारही प्रयोग पुढे नव्याने झाले आणि सुदर्शन यांच्या बाजूने लागले. फाइनमन मोठ्या मनाचे, त्यांनी १९६३ साली जाहीरपणे पहिला मान या दोघांना दिला. पण तोवर लोकांच्या तोंडी दुसरीच जोडी बसली होती.

सुदर्शन त्यावर रुसून बसले नाहीत. १९६२ मध्ये बिलानियुक आणि देशपांडे (आडनाव वाचून बरं वाटलं) यांच्यासोबत त्यांनी प्रकाशाहून वेगवान कणांची कल्पना मांडली. ते कण अजून कोणाला सापडलेले नाहीत. १९७७ मध्ये बैद्यनाथ मिश्र यांच्याबरोबर दाखवलं की अस्थिर कणाकडे सारखं बघत राहिलं, तर तो बदलतच नाही. हे मला चटकन कळलं. मी वर्गात उभा असेपर्यंत पोरंही जागची हलायची नाहीत! १९९० मध्ये हा परिणाम प्रयोगात दिसला.

प्रकाशाच्या पुंज-वर्णनावरचं त्यांचं काम १९६३ चं. त्याच विषयासाठी २००५ चं नोबेल ग्लाउबर यांना मिळालं, तेव्हा मात्र सुदर्शन यांनी नोबेल समितीला पत्र लिहून हरकत घेतली. काहींना ते आवडलं नाही. मला विचाराल तर, दोनदा तेच घडल्यावर माणसाने बोलू नये का? २००७ मध्ये पद्मविभूषण, २०१० मध्ये डिरॅक पदक मिळालं. १३ मे २०१८ रोजी ते टेक्ससमध्ये वारले.

हे लिहून झाल्यावर नातीला विचारलं, तुझ्या वहीत या सिद्धान्तापुढे कोणाचं नाव आहे गं? तिने पानं चाळली.

"कोणाचंच नाही, आजोबा. नुसतं 'व्ही वजा ए' लिहिलंय."