जेंकिन्स, दिनकर आणि चिंचोलकर : रायपूरच्या संदर्भात आडनावाचा तौलनिक विचार

१

वाङ्मयेतिहासाच्या लेखनात आडनावाला पुरावा म्हणून क्वचितच तपासले जाते. पण पुरावा म्हणून ते सर्रास वापरले मात्र जाते. लेखकाचे आडनाव वाचताच त्याची भाषा, त्याचा प्रदेश आणि पुष्कळदा त्याचा समाजही निश्चित झाला असे अभ्यासक गृहीत धरतात. ज्या प्रदेशात एकच भाषा दीर्घकाळ नांदली, तेथे असे गृहीतक फारसे अडचणीचे ठरत नाही. रायपूरसारख्या ठिकाणी मात्र ते तपासून घेणे भाग पडते. येथे भोसल्यांच्या कारभारात मराठी नावे आली, कंपनीच्या अंमलाबरोबर इंग्रजी नावे आली आणि पुढे मराठी आडनावे धारण करणाऱ्या लेखकांनी हिंदी वाङ्मयात मोलाची भर घातली. आडनाव काय सांगते आणि काय सांगत नाही, या प्रश्नाचा विचार करण्यास हे शहर म्हणूनच सोयीचे आहे.

नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूरच्या हैहयवंशी सत्तेचा पाडाव केला. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांचा कारभार रतनपुरातून चालला. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर छत्तीसगडावर नागपूरहून सुभे नेमले जाऊ लागले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या राज्याची सूत्रे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती गेली. १८१८ मध्ये छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले आणि त्याच वर्षापासून १८२५ पर्यंत अॅग्न्यू हे तेथील अधीक्षक होते. अॅग्न्यू यांनी छत्तीसगड सुभ्याविषयी लिहिलेला १८२० चा अहवाल आणि जेंकिन्स यांचा १८२७ मध्ये छापलेला नागपूर राज्याविषयीचा अहवाल ही या प्रदेशाच्या इतिहासाची पायाभूत साधने होत. या साधनांत नोंदणारा आणि नोंदला जाणारा अशा दोन नामपद्धती समोरासमोर येतात.

२

प्रथम नोंदणाऱ्याचे नाव पाहू. 'जेंकिन्स' हे पितृनामापासून झालेले आडनाव आहे. 'जॉन' या नावाच्या 'जेन' अथवा 'जॅन' या बोलीतील रूपाला 'किन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'जेंकिन' म्हणजे 'छोटा जॉन' हे लाडके नाव तयार झाले. हा प्रत्यय फ्लेमिश वस्तीबरोबर इंग्लंडात पसरला असे मानले जाते. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील बाथच्या स्त्रीचा पाचवा नवरा 'जँकिन' हाच आहे. म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव बोलण्यात चांगलेच रुळले होते. त्याला लागलेला शेवटचा 'स' हा षष्ठीचा अवशेष असून 'जेंकिनचा' एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे.

'जेंकिन'चे हे व्यक्तिनाम वेल्समध्ये 'शेंकिन' या उच्चाराने आपलेसे करण्यात आले. वेल्समध्ये दीर्घकाळ स्थिर आडनाव नव्हते. स्वतःच्या नावापुढे 'आप' म्हणजे 'पुत्र' हा शब्द आणि त्यापुढे पित्याचे नाव अशी रचना असे; पुढच्या पिढीत ते पितृनाम अर्थातच बदले. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत आले. न्यायालये, कर आणि जमिनीची कागदपत्रे यांच्या सोयीसाठी पित्याचे चालू नाव एखाद्या पिढीत जणू गोठवले गेले आणि तेच वंशपरंपरागत आडनाव झाले. ही क्रिया सर्वत्र एकदम घडली नाही; वरच्या वर्गांत ती लवकर आणि ग्रामीण भागात पुष्कळ उशिरा झाली. मूळ व्यक्तिनामांचा साठा लहान असल्याने जोन्स, डेव्हिस, विल्यम्स अशा मोजक्या आडनावांत फार मोठी लोकसंख्या सामावली. 'जेंकिन्स' हे आजही वेल्समधील बहुसंख्य आडनावांपैकी एक असून दक्षिण वेल्समध्ये ते विशेष दाट आढळते. रिचर्ड जेंकिन्स यांचे घराणे वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशायर परगण्यातले होते, ही गोष्ट या भौगोलिक चित्राशी सुसंगत आहे.

'अॅग्न्यू'ची जात वेगळी आहे. स्कॉटलंडमधील या आडनावाचा संबंध सामान्यतः नॉर्मंडीतील आन्यो या स्थळाशी जोडला जातो. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांबरोबर स्थळवाचक आडनावांची रीत ब्रिटनमध्ये दृढ झाली आणि सुमारे १४०० पर्यंत इंग्लंडातील बहुसंख्य कुटुंबांत आडनाव वंशपरंपरागत झाले. इंग्रजी आडनावांचे स्थळवाचक, व्यवसायवाचक, पितृनामवाचक आणि टोपणनावापासून आलेले असे चार ठोकळ वर्ग केले जातात. रायपूर आणि नागपूर येथील या दोन अधिकाऱ्यांच्या नावांत त्यांपैकी दोन वर्ग दिसतात.

३

आता ज्यांच्याविषयी हे अधिकारी लिहीत होते त्यांची नावे पाहू. १७८७ ते १८१८ या काळातील सुभ्यांच्या यादीत महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, भवानी काळू, केशव गोविंद, यादवराव दिवाकर अशी नावे येतात. इंग्रजी अथवा आधुनिक हिंदी नामपद्धतीची सवय असलेला वाचक 'दिनकर', 'गोविंद', 'दिवाकर' यांना आडनावे समजून बसतो. मराठी दप्तराच्या रीतीप्रमाणे ही पित्यांची नावे आहेत. 'केशव गोविंद' म्हणजे गोविंदाचा पुत्र केशव. षष्ठीचा प्रत्यय नाही, 'आप'सारखा जोडशब्द नाही. केवळ क्रमावरून नाते कळते. याच यादीतील 'सखाराम बापू' या नावात दुसरे पद पित्याचे नसून आदरयुक्त घरगुती संबोधन आहे. दोन पदी नावाची एकच चौकट निरनिराळे अर्थ वाहू शकते, हे त्यावरून दिसते.

यावरून मराठ्यांत आडनाव नव्हते आणि ते इंग्रजी अंमलाने दिले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भास्करराम कोल्हटकर या एकाच नावात स्वतःचे नाव, पितृनाम आणि आडनाव ही तिन्ही पदे आहेत. आडनाव होते, पण ते प्रत्येक प्रसंगी उच्चारले जात नसे. कारभारात व्यक्तीची ओळख पित्याच्या नावाने पटे. वतन, सोयरीक किंवा घराण्याचा संबंध आला की आडनाव पुढे येई. वेल्समध्ये पितृनामाला आडनाव व्हावे लागले, कारण नावात तिसरी जागाच नव्हती. मराठीत ती जागा आधीपासून होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात नोकरी, शाळा आणि छापखाना यांनी आडनाव नित्याचे केले, तरी पितृनामाला आपले स्थान सोडावे लागले नाही; ते मध्यभागी सरकले. 'जेंकिन्स'मधला जॉन हा शेकडो वर्षांपूर्वीचा कोणी अज्ञात पूर्वज असतो, तर मराठी नावातील मधले पद प्रत्येक पिढीत नवे होते.

या रचनेची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. विवाहानंतर स्त्रीच्या नावातील मधले आणि शेवटचे अशी दोन्ही पदे बदलण्याचा प्रघात पडला. इंग्रजी प्रथेत स्त्रीचे आडनाव बदले. मराठीत आडनावाबरोबर पित्याचे नावही जाऊन तेथे पतीचे नाव येई. त्यामुळे घराण्यांच्या इतिहासात स्त्रियांचा माग काढणे दुप्पट कठीण होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये, १ मे २०१४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावापूर्वी आईचे नाव घालणे बंधनकारक केले, तेव्हा या जुन्या चौकटीत चौथे पद आले.

४

छत्तीसगडमधील मराठी आडनावांचा वाङ्मयाशी संबंध जोडणारी महत्त्वाची घटना म्हणजे जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून सुरू झालेले 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक. वामन बळीराम लाखे हे त्याचे प्रकाशक होते; माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे संपादक होते. छपाई आरंभी रायपुरात आणि नंतर नागपुरात झाली. १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले; पण हिंदी समीक्षेच्या आणि कथेच्या इतिहासात त्याचे स्थान कायम राहिले. सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही १९०१ मध्ये त्यात आलेली कथा हिंदीतील पहिल्या कथेच्या चर्चेत आजही घेतली जाते.

या तिघांच्या आडनावांपैकी 'चिंचोलकर' हे सर्वांत पारदर्शक आहे. 'चिंचोली' या ग्रामनामाला 'कर' हा प्रत्यय लागून ते झाले आहे आणि ग्रामनामात चिंचेचे झाड आहे. अर्थ कळला म्हणून उगम मात्र कळत नाही. चिंचोली नावाची गावे महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत आहेत; कर्नाटकात त्या नावाचा तालुका आहे. एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली कुटुंबे निरनिराळ्या चिंचोल्यांतून निघून एकाच आडनावाने ओळखली जाऊ शकतात. इंग्रजीतील 'न्यूटन' अथवा 'सटन' या आडनावांची हीच स्थिती आहे. शिवाय असे आडनाव गाव सोडल्यावरच अर्थपूर्ण होते. चिंचोलीत राहणाऱ्या सर्वांना 'चिंचोलकर' म्हणून काही वेगळेपण सांगितले जात नाही. स्थळवाचक आडनाव हे अशा रीतीने स्थलांतराचे स्मारक असते. 'सप्रे' आणि 'लाखे' ही आडनावे मात्र आजच्या बोलणाऱ्याला आपला अर्थ आपण होऊन सांगत नाहीत. 'लाखे' म्हटल्यावर लाख ही संख्या किंवा लाख हा झाडावरचा पदार्थ आठवतो. पण ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. जुने रूप आणि त्याचा कागदोपत्री आधार यांवाचून केलेली उपपत्ती ही लोकव्युत्पत्तीच राहते.

संख्येचा आणि प्रसाराचा प्रश्नही येथेच येतो. ब्रिटनमध्ये १८८१ च्या जनगणनेच्या नोंदींवरून प्रत्येक आडनावाचा नकाशा काढता येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व आयर्लंडमधील कुलनामांच्या ऑक्सफर्ड कोशाने पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावांचा विचार केला, त्यात अशा प्रसाराला व्युत्पत्तीइतकेच महत्त्व दिले. भारतीय जनगणना मातृभाषेचे तक्ते प्रसिद्ध करते, आडनावांचे नाही. मातृभाषेचा तक्ता आडनावाच्या जागी वापरता येत नाही, कारण मराठी आडनावाच्या व्यक्तीने आपली मातृभाषा हिंदी अथवा छत्तीसगढी नोंदवली असणे सहज शक्य आहे. आडनाव टिकते आणि भाषा बदलते. नेमका हाच दोहोंतील फरक अभ्यासाचा विषय व्हावयास हवा.

५

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण रायपूरपासून जवळच असलेल्या राजनांदगावचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. घराण्याचे मूळ आडनाव कुलकर्णी असून एका पूर्वजाच्या ग्रंथरचनेवरून 'मुक्तिबोध' हे नाव रूढ झाले, असे परंपरेने सांगितले जाते. कुलकर्णी म्हणजे गावाचे हिशेब लिहिणारा. इंग्रजीतील 'क्लार्क' या लेखनिकवाचक आडनावाचा तो सख्खा भाऊ. गजानन माधव हे आधुनिक हिंदी काव्याचे अग्रणी ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले आणि १९७९ मध्ये मराठीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. एक पिता, एक आडनाव आणि दोन वाङ्मये. आडनावावरून भाषा ठरवणाऱ्या कोणत्याही वर्गीकरणात या दोघांपैकी एकाची जागा चुकणारच.

त्याच वेळी भाषा बदलली तरी नावाची घडण किती चिवट असते हेही येथे दिसते. हिंदी वाचक ज्या त्रिपदी नावाने आपल्या कवीला ओळखतो, त्यातील 'माधव' हे पित्याचे नाव आहे. केशव गोविंद या सुभ्याच्या नावातील 'गोविंद' आणि या कवीच्या नावातील 'माधव' यांचे व्याकरण एकच आहे. मराठी दप्तराची रीत अशा तऱ्हेने हिंदी काव्याच्या मुखपृष्ठावर जिवंत राहिली. उलट, सप्रे यांचे नाव हिंदीत 'पंडित माधवराव सप्रे' असे रूढ झाले आणि त्यात पितृनामाची जागा उपपदाने घेतली. रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणणाऱ्या या लेखकाचे १९२६ मध्ये रायपुरात निधन झाले. हिंदी वाङ्मयेतिहासात त्यांना संपूर्ण स्थान आहे. मराठी वाङ्मयेतिहासात आडनाव ओळखीचे असूनही कार्य अनोळखी राहिले.

रायपूरच्या भूगोलात या आडनावांना आणखी एक वळण मिळाले आहे. सहकारी चळवळीत आणि नगराच्या सार्वजनिक जीवनात वावरलेल्या वामनराव लाखे यांच्या नावाने शहरात लाखेनगर आहे. सप्रे यांच्या नावाने शाळा आणि मैदान आहे. चिंचोलीतून बाहेर पडलेल्याला गावाने आडनाव दिले. लाखे आणि सप्रे यांच्या बाबतीत आडनावाने स्थळाला नाव दिले. लाखेनगरात आज राहणाऱ्या कुटुंबांची आडनावे कोणतीही असोत, पत्ता सांगताना त्यांच्या तोंडी एक मराठी आडनाव येते, आणि ते उच्चारण्यासाठी मराठी येण्याची गरज पडत नाही.