ठासणीची बंदूक आणि साठी उलटलेला नवशिक्या

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेतल्या लांब रायफलीच्या जन्मापर्यंत आलो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला. ते मुलाकडे पेनसिल्वेनियात राहतात, वय सदुसष्ट. तिथे जवळच्या मैदानावर काही मंडळी ठासणीच्या रायफलीने नेम मारतात, ते पाहून यांनाही हौस आली. "कुठली घेऊ?" एवढाच प्रश्न. तेव्हा आम्ही हसून टाळलं, कारण प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा वाटला. घरी गेल्यावर लक्षात आलं की तो इतिहासाचाच आहे. या बंदुकीचा एकेक भाग कुणाच्या तरी शरीरासाठी आणि कुणाच्या तरी गरजेपोटी घडलेला आहे. तो माणूस कोण होता हे कळलं, की आपल्याला काय जमेल आणि काय नाही हेही कळतं.

ठासणीची बंदूक आपल्याला परकी नाही. कोकणात शेतराखणीला ती अजून माहीत आहे. तोंडाकडून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे, मग गजाने ठासायचं. पण आपल्याकडची ती नळी बहुधा आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. शिशाची गोल गोळी तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आत ठासतात. ते कापड खाचांत घट्ट बसतं आणि गोळीला फिरकी देतं. नेमकेपणा त्या घट्टपणातून येतो. ठासायला लागणारा जोरही त्यातूनच येतो, आणि साठीनंतरच्या खांद्याचा प्रश्न तिथे सुरू होतो.

पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन भाषक कारागीर येऊन वसले, ते अठराव्या शतकात. त्यांच्या मायदेशातली शिकारी रायफल आखूड आणि जाड होती. इथल्या जंगलात माणूस आठवडेच्या आठवडे घराबाहेर. दारू आणि शिसं पाठीवर वाहून न्यायचं, म्हणून गोळी लहान झाली. नळी लांबत लांबत बेचाळीस इंचांच्या पुढे गेली. दस्त्याचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर एका गाण्यामुळे तिला 'केंटकी रायफल' हे नाव चिकटलं, घडली मात्र ती मुख्यतः पेनसिल्वेनियात. बारसं एकाने केलं आणि पाळणा दुसऱ्याच्या घरी हलला, असा प्रकार!

देखणेपणात हिला तोड नाही. नवशिक्याचा जीव पहिल्यांदा हिच्यावरच जडतो. पण बघा, पूर्ण रायफल जवळजवळ पाच फूट. जमिनीवर उभी केली तर तोंड आपल्या हनुवटीशी येतं. गज तेवढाच लांब, तो पूर्ण बाहेर काढायचा तर हात डोक्याच्या बराच वर न्यावा लागतो. पंचविशीतल्या शिकाऱ्याला त्याचं काही वाटलं नसेल. खांदा आखडलेल्या माणसाला विसाव्या बारापर्यंत ते नकोसं होतं. शिवाय नळी दस्त्यात बारीक खिळ्यांनी बसवलेली, त्यामुळे धुवायला सहज सुटत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि नळी गंजवते, म्हणून धुणं त्याच दिवशी व्हावं लागतं. उद्यावर ढकलता येत नाही.

तिच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर एकदम नजर ठरत नाही. लांब रायफलीवर मागची खाच डोळ्यापासून बरीच पुढे असते, आणि खाच ते माशी हे अंतरही मोठं. म्हातारे डोळे तिच्यावर त्यामुळेच खूश असतात. थोडक्यात, डोळ्यांना लांब रायफल हवी आणि खांद्याला नको.

दुसरं घराणं सेंट लुईसचं. जेकब आणि सॅम्युएल हॉकेन हे भाऊ तिथे १८२० च्या दशकात एकत्र काम करत होते. त्यांचं गिऱ्हाईक पश्चिमेकडे जाणारं: कातड्यांचे व्यापारी, घोड्यावरचे शिकारी. घोड्यावर पाच फुटी बंदूक अडचणीची, म्हणून नळी आखूड झाली. समोर मोठं जनावर, म्हणून गोळी मोठी आणि नळी जाड. दस्ता अर्ध्यावरच थांबला आणि नळी आकड्यात अडकवून पाचरीने धरली. पाचर काढली की नळी हातात. बादलीत उभी धरून गरम पाण्याने धुवा. सांधे दुखणाऱ्या माणसाला हे वरदान आहे, कारागिराच्या मनात तो नसला तरी. जेकब १८४९ च्या कॉलऱ्यात गेला, सॅम्युएल १८८४ पर्यंत जगला.

मग हॉकेन घ्यावी का? इथे एक गंमत आहे. अस्सल हॉकेन पुष्कळदा साडेचार किलोंच्या पुढे जाते. ते ओझं घोडा वाहायचा. १९७० साली थॉम्पसन सेंटर या कंपनीने 'हॉकेन' नावाची रायफल बाजारात आणली. नळी अठ्ठावीस इंच, वजन चार किलोंच्या आतबाहेर, दस्त्यावर पितळ चमकतं. अस्सलवर लोखंड असायचं. म्हणजे नाव हॉकेनचं, अंगकाठी निराळी. शुद्धतावादी नाकं मुरडतात. पण त्याच रायफलीने आणि तिच्या नकलांनी हजारो माणसांना ठासणीची गोडी लावली. १९७२ च्या 'जेरेमाया जॉन्सन' चित्रपटाने त्यात भर घातली. आमचं मत विचाराल, तर साठीच्या नवशिक्याने शुद्धतेचा आग्रह दुसऱ्या रायफलीसाठी राखून ठेवावा.

आता चकमक की टोपी? चकमकीच्या रायफलीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती पोलादावर घासते, ठिणग्या रंजकेवर पडतात, तिथून जाळ कानातून आत जातो. कान म्हणजे तेच भोक, ज्यात खिळे ठोकून तोफा निकामी करत. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर भडका उडतो आणि बार किंचित उशिरा होतो. नवखा माणूस त्या क्षणात दचकतो, नेम जातो. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्रीबुवांना हाच ताप होता, भडका पाहून पाखरं उडून जायची. त्यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. टोपीची रायफल शिकायला सोपी, हे खरंच. मात्र टोपी ज्वारीच्या दाण्याहून थोडीच मोठी, बोटं वाकत नसतील तर ती हातातून निसटते. टोपी चढवायचं एक साधं पितळी साधन मिळतं, ते सोबत घ्यावं. आणि पेनसिल्वेनियात हरणाच्या शिकारीचा हंगाम मनात असेल, तर आणखी एक गोष्ट. त्या राज्याने १९७४ साली ठासणीचा खास हंगाम सुरू केला, तो चकमकीच्या बंदुकीपुरता. नुसता नेम मारायचा असेल तर टोपीच बरी.

गोळीचा व्यास ठरवताना पुष्कळ जण फसतात. लहान गोळी म्हणजे हलकी रायफल, असं वाटतं. नळीची बाहेरची जाडी तीच असेल, तर उलट होतं. आतलं भोक लहान म्हणजे लोखंड जास्त, रायफल जड. म्हणून एकाच घडणीच्या दोन रायफलींत .४५ ची नळी .५० पेक्षा जड भरते. धक्का मात्र .४५ चा सौम्य, कारण तिची गोळी आठ ग्रॅमच्या आसपास आणि .५० ची साडेअकरा. वजन पुढच्या टोकाला असेल तर हात आणखी लवकर थकतो. जुने कारागीर नळी मध्ये बारीक करून तोंडाशी पुन्हा किंचित फुगवत, ते यासाठीच. सरळ अष्टकोनी नळी स्वस्त पडते, पण तोंडाकडे ओढते. तेव्हा आकड्यांपेक्षा एक करा: रिकामी रायफल खांद्याला लावा, मनात तीस मोजा. माशी थरथरू लागली तर ती आपली नाही, कितीही सुंदर असो. दस्त्याची मागची पितळी पट्टी चंद्रकोरीसारखी असेल तर तीही तपासा. ती दंडाच्या सुरुवातीला टेकवायची असते, खांद्याच्या खळगीत धरली तर टोकं रुततात. सपाट पट्टी मिळाली तर उत्तम.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी हेच कळवलं. अर्ध्या दस्त्याची, टोपीची, .४५ किंवा .५०, नळी अठ्ठावीस ते बत्तीस इंच, वजन साडेतीन किलोंच्या जवळपास. मागची खाच अंधुक दिसली तर ती कारागिराकडून थोडी पुढे सरकवून घ्यावी. जुनी अस्सल विकत घेऊन वापरू नये, ती भिंतीवर शोभते. दारू काळी किंवा तिच्या जागी चालणारी म्हणून विकली जाते तीच. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू यात चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत, ते आधी पाहावेत.

त्यांनी उलट विचारलं, "या वयात भरली की नाही हेच विसरलो तर?" विसरण्याला वय लागत नाही. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा झाल्या. त्यातल्या चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या, आणि सुमारे बारा हजारांत दोन-दोन बार एकावर एक ठासलेले होते. ती सगळी तरणी पोरं होती. उपाय जुनाच आहे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालायचा आणि तोंडाशी चाकूने खूण करायची. मग नेहमीचा बार भरून दुसरी खूण. दर वेळी टोपी चढवण्याआधी गज आत सोडून खूण पाहायची. परवा त्यांचा निरोप आला: दोन्ही खुणा केल्यात, आणि दुसरीवर नातीने लाल रंग लावलाय.